पुस्तकात नसलेली खिडकी

डोंगरावरच्या गावात राहिलं की लेखकाला प्रेरणा मिळते, असं ज्याने कुणी पहिल्यांदा म्हटलं त्याचं घर नक्की सपाटीवर असणार. माझं घर डोंगरावर आहे, तेव्हा मला विचारा. इथे आधी सर्दी मिळते. मग ढग घरात शिरतात. ढगांच्या मागोमाग पर्यटक शिरतात. या सगळ्यांना बाहेर काढून, ओले मोजे शेगडीसमोर वाळत घालून वेळ उरलाच, तर माणूस लिहितो. मी लहान मुलांसाठी लिहितो. म्हणजे नातेवाइकांच्या मते मी अजून लिहायला लागलेलोच नाही. "मोठ्यांसाठी कधी लिहिणार?" असं माझा मेहुणा मला दर भेटीत विचारतो. त्याने स्वतः शाळा सुटल्यापासून एकही पुस्तक उघडलेलं नाही, पण साहित्याची काळजी मात्र त्याला रात्रंदिवस असते.

माझ्या पुस्तकांतली मफलरवाली शेळी तुमच्या घरातल्या मुलांना माहीत असेल. मी माहीत नसेन. त्याचं मला काही वाटत नाही, असं मी मुलाखतींत सांगतो. गावच्या चौकात तिचा दगडी पुतळा आहे. खाली माझं नाव कोरायचं ठरलं होतं, पण मफलरच्या गोंड्यांनाच इतका दगड लागला की नावाला जागा उरली नाही, असं मला कळवण्यात आलं. लेखकाचा पुतळा उभारायला तो मरावा लागतो. शेळीला तशी अट नाही. गावात मला सगळे 'शेळीवाले' म्हणतात. परवाच एका पर्यटक बाईंनी मला थांबवून, दिवसाला दूध किती निघतं, असं विचारलं. मी खांदे उडवले, तर त्या नवऱ्याला म्हणाल्या, "बघ, सांगत नाहीत. धंद्याचं गुपित असणार."

तर ही शेळी, तिचा मफलर, ती ज्या दरीत उतरते ती दरी, हे सगळं मी आमच्या स्वयंपाकघरात बसून लिहिलं. दर पुस्तकाच्या प्रस्तावनेत मात्र 'माझ्या अभ्यासिकेच्या खिडकीतून दिसणारी दरी' असं छापलेलं आहे. अभ्यासिका म्हणजे आमची मागची खोली. तिच्यात जुन्या गाद्या, एक मोडकी शिलाई मशीन आणि मेहुण्याने भेट दिलेली व्यायामाची सायकल आहे, खिडकी नाही. दरी दिसते ती फक्त स्वयंपाकघरातून, ओट्याशेजारच्या टेबलापाशी बसलं की. ते टेबल खरं भाजी चिरायचं. लग्न झाल्यापासून मी तिथे बसतो, आणि माझी बायको माझ्या भोवतीने स्वयंपाक करते. भांडं वाजलं की मी 'शू!' म्हणतो. लेखकाच्या घरात एवढी शिस्त लागतेच. तीही कधी काही बोलली नव्हती, त्यामुळे ते तिला मान्य असावं असा माझा समज होता.

एका दुपारी शेळी लाकडी पुलाच्या मधोमध उभी होती आणि पूल करकरत होता. नेमकी त्याच क्षणी बायको उकडलेल्या बटाट्यांचं पाणी ओतायला लागली. मी म्हटलं, "शू!" तिने पातेलं उचललं आणि सरळ माझ्या कागदांवर ठेवलं. शेळी जागीच उकडली.

"अहो," ती शांतपणे म्हणाली, "एक तर ही शेळी या खोलीतून जाईल, नाहीतर मी ताईकडे जाईन."

ताई म्हणजे तिची मोठी बहीण, खाली सपाटीवर राहते. ताईकडे जायची धमकी मी पूर्वीही ऐकली होती, पण तिच्यात नेहमी 'चार दिवस' हे शब्द असायचे. या वेळी नव्हते. मी त्याच संध्याकाळी जाहीर केलं की मागच्या खोलीच्या भिंतीत खिडकी पाडायची, टेबल तिथे हलवायचं, आणि स्वयंपाकघर तिचं तिला परत द्यायचं. भिंतीत एक भोक पाडायचं आणि त्याला दोन झडपा लावायच्या, एवढंच काम. असं मला वाटलं होतं.

पण आमच्या गावात कुणी नुसतं खिळा ठोकायला हातोडी उचलली, तरी चार माणसं सल्ला घेऊन जमतात. पहिले आले दातांचे डॉक्टर. ते आमच्या खालच्या बाजूला, मागच्या पायवाटेपलीकडे राहतात आणि त्यांना दात सोडून सगळ्यातलं कळतं. त्यांनी भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केलं, कान लावला आणि म्हणाले, "घट्ट आहे. पण हलवून हलवून निघेल." मग भूगोलाच्या बाई आल्या. त्या निवृत्त होऊन कितीतरी काळ लोटला, पण शिकवणं थांबलेलं नाही.

"पूर्वेला खिडकी करू नका. सकाळी ऊन डोळ्यांवर येईल," त्या म्हणाल्या.

"बाई, पण दरी पूर्वेलाच आहे."

"ती चूक दरीची. तुम्ही कशाला करता?"

बेकरीवाल्याचं म्हणणं, खिडकी भट्टीच्या तोंडासारखी कमानदार हवी. कारण विचारलं तर म्हणाला, त्याला दुसरा आकार काढता येत नाही. जणू खिडकी तोच भाजून देणार होता.

या सगळ्यांना चहा पाजून वाटेला लावलं आणि गवंड्याला बोलावलं. हा गवंडी कामाला येत नाही म्हणून प्रसिद्ध आहे, पण त्या दिवशी त्याला काय वाटलं कोण जाणे, आला. भिंतीची जाडी बघतो म्हणाला आणि मी 'थांबा' म्हणायच्या आत छिन्नी लावून त्याने एक दगड बाहेर ढकलला. धूळ बसली. मी वाकून त्या भोकातून पाहिलं.

खोटं कशाला बोलू, मला भरून आलं. स्वयंपाकघरातून दरीचा एक कोपरा दिसतो. इथून अख्खी दरी समोर उघडी होती. तळाशी नदीची रेघ, तिच्यावर तरंगणारा ढगाचा तुकडा, पलीकडच्या डोंगरावरची रांगेने उभी झाडं. सगळ्यात खाली, पायापाशी, डॉक्टरांच्या घराचं लाल पत्र्याचं छप्पर. आयुष्यभर मी जी दरी अर्धी बघून आणि अर्धी थापा मारून लिहिली, ती ही अशी होती. बायको हातातला डाव घेऊनच आली. तीही वाकली, बराच वेळ तशीच राहिली.

"छान आहे," ती म्हणाली. "बसा तुम्ही इथे. मग मलाही जरा खिडकीशी बसता येईल." शेवटच्या वाक्याकडे मी फारसं लक्ष दिलं नाही. माझ्या डोक्यात शेळी नदी ओलांडत होती.

आमच्या मागच्या पायवाटेवरून गाइड लोक पर्यटकांना हिंडवतात. 'हे शेळीचं घर' असं सांगून आमच्या मागच्या भिंतीसमोर त्यांचे फोटो काढतात. आपल्या भिंतीसमोर रोज अनोळखी माणसं दात काढून उभी राहतात याचा मला अभिमान होता, आता नाही. कारण भिंतीला भोक पडल्याचं एका गाइडने पाहिलं आणि तो थेट नगरपालिकेत गेला. दुपारच्या आत शिपाई आला. साहेबांनी बोलावलंय म्हणाला.

बांधकाम विभागाचे साहेब हे सभ्य, मऊ बोलणारे आणि म्हणूनच भयंकर गृहस्थ आहेत. त्यांच्या टेबलावर माझं पहिलं पुस्तक होतं. प्लास्टिकचं कव्हर घातलेलं, जागोजागी चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठ्या. इतक्या बारकाईने वाचलेली माझ्या पुस्तकाची प्रत मी आजवर पाहिली नव्हती. मी सुखावलो. सही द्यावी म्हणून खिशातून पेनही काढलं.

"बसा," साहेब म्हणाले. त्यांनी नववं पान उघडलं. "हे घर कुणाचं?"

"माझं."

"पुस्तकात तर शेळीचं आहे."

"शेळी काल्पनिक आहे हो."

"असेल. पण घर खरं आहे, आणि ते शेळीचं आहे असं तुम्हीच लिहिलंय. आता मला सांगा, या भिंतीला खिडकी दिसते?"

मी पाहिलं. चित्रात आमचं घर पायवाटेवरून काढलेलं होतं. छप्पर होतं, धुराडं होतं, धुराड्यातून निघणारा धूरसुद्धा होता. मागची भिंत मात्र कोरी होती. तिच्यावर माझा मजकूर छापलेला होता.

"गावातली जी घरं पुस्तकात आहेत, ती पुस्तकात आहेत तशीच ठेवायची, असा ठराव आहे," साहेब म्हणाले. "पर्यटकांना पुस्तकातलं गाव बघायला मिळालं पाहिजे. बदल करायचा नाही, दुरुस्तीसुद्धा चित्रात दिसेल अशीच करायची."

"कुणी केला हा गाढवपणा?"

"सर्वानुमते झाला. त्या सभेचे अध्यक्ष तुम्हीच होतात."

मला सभा आठवली. फुलांचा गुच्छ आठवला, खुर्चीची मऊ गादी आठवली. भाषणं लांबली तेव्हा माझा डोळा लागला होता आणि टाळ्यांनी जाग आल्यावर मीही जोरात टाळ्या वाजवल्या होत्या. त्या या ठरावाला होत्या, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. अध्यक्षाला कुणी काही सांगत नाही, ही आपल्याकडची जुनी पद्धत आहे.

घरी येऊन मी चित्रकाराला फोन लावला. तो सपाटीवर राहतो आणि नेहमी काहीतरी खात असतो. "माझ्या घराला खिडकी का काढली नाहीस?" मी विचारलं.

"कुठे काढू?" तो चावत चावत म्हणाला. "त्या पानावर तुम्ही दरीचं एवढं लांबलचक वर्णन घातलंत. ते बसवायला भिंत कोरी ठेवावी लागली. मी तेव्हाच म्हटलं होतं, जरा कापा. तुम्ही म्हणालात, एक शब्द हलणार नाही."

मी फोन ठेवला. दरी बघायला खिडकी नाही, कारण खिडकीच्या जागी दरीचं वर्णन आहे. हे मी बायकोला सांगितलं नाही. माणसाने आपला पाणउतारा निदान घरात तरी आणू नये. भोकात एक जुना टॉवेल कोंबला आणि मी पुन्हा स्वयंपाकघरात जाऊन बसलो. बायकोने माळ्यावरून मोठी बॅग काढली, झटकली आणि दारामागे उभी करून ठेवली. रिकामी होती, पण उभी होती.

त्या बॅगेकडे बघत जेवण जाईना. मी रोज नगरपालिकेत खेटे घालू लागलो. साहेबांनी मला चहा दिला, बिस्किटं दिली, वर 'मुलीला तुमची शेळी फार आवडते' हेही सांगितलं. फक्त खिडकी दिली नाही. शेवटी एके दिवशी त्यांनाच माझी दया आली असावी. आवाज खाली आणून ते म्हणाले, "ठरावात 'पुस्तकात' असं म्हटलंय. कोणत्या पुस्तकात, ते म्हटलेलं नाही. नवं पुस्तक आलं आणि त्यातल्या चित्रात खिडकी असली, तर मला मंजुरी द्यावीच लागेल. मी काय, पुस्तकाबाहेर जाऊ शकत नाही."

त्यांचे पाय धरायचेच तेवढे बाकी राहिले. घरी पोचायच्या आत कथानक तयार होतं. शेळीचा मफलर हरवतो आणि तो शोधत ती आपल्याच घरातल्या खिडकीपाशी येते. लहान, सुटसुटीत गोष्ट. बायकोला सांगितली. तिने बॅग दारामागून काढली नाही, पण आडवी केली.

आता माझी चूक एवढीच, की ही गोष्ट मी डॉक्टरांना सांगितली. मोठ्या विजयाने सांगितली. ते नुसतं "वा, वा" म्हणाले आणि घाईघाईने गेले. संध्याकाळी परत आले, सोबत बायको आणि केक.

"आमचंही घर पहिल्या पुस्तकात आहे, एका कोपऱ्यात," ते म्हणाले. "एकमजली. मला वर एक मजला काढायचाय, पेशंटची खुर्ची वर न्यायची म्हणतो. ठराव आडवा येतो. तुम्ही आता लिहिताच आहात, तर शेळीला जरा आमच्याकडेही पाठवा ना. मजला काय, एका ओळीत बसेल."

नाही कसं म्हणणार? केक खाऊन झाला होता. दुसऱ्या दिवशी बेकरीवाल्याला दुकानापुढे पत्र्याची शेड हवी होती. भूगोलाच्या बाईंना आपलं कुंपण शेजाऱ्यांच्या बागेत थोडं आत सरकलेलं हवं होतं, "सीमा नैसर्गिक असाव्यात" म्हणून. आणि एका संध्याकाळी खुद्द साहेब आले. सहज चक्कर मारायला आलो म्हणाले. जाता जाता, शेळीला कधी गाडी घ्यावीशी वाटली तर गॅरेज लागेल, असं सुचवून गेले. ज्या गावात मला लेखक म्हणून कुणी ओळखत नव्हतं, त्या गावात माझ्या दाराशी रांग लागली. वाचक लेखकाकडे येतात ते असे, बांधकामासाठी. बायको सगळ्यांना चहा देत होती. तिने स्वतःसाठी मात्र पुस्तकात एक शब्दही मागितला नाही. तिला साहित्याची जाण आहे, असं मला त्या दिवसांत प्रथमच वाटलं.

अशा रीतीने ती लहान, सुटसुटीत गोष्ट फुगत गेली. मफलर शोधत शेळी घरोघर फिरते आणि प्रत्येक घराचं वाढीव बांधकाम बघून थक्क होते. डॉक्टरांना दोन मजली घर द्यायचं तर पटण्याजोगं कारण हवं, म्हणून मी त्यांना जिराफ केलं. डोंगरावर जिराफ कुठून आला, असं एकाही शेजाऱ्याने विचारलं नाही. 'जिराफकाकांची मान वाढतच होती, म्हणून त्यांनी घरही वाढवलं,' हे वाक्य लिहून झालं तेव्हा मी स्वतःवरच खूश झालो. डॉक्टरांना वाचून दाखवलं तर त्यांचे डोळे पाणावले.

प्रकाशकाचा फोन आला. "यात गोष्ट कुठे आहे? लहान मुलांना पत्र्याच्या शेडचं काय कौतुक? आणि शेळी सारखी मापं का घेते?"

"बदलत्या काळाची शेळी आहे," मी म्हणालो. प्रकाशकांना काळ बदलला म्हटलं की बोलता येत नाही.

मग चित्रकार आला. प्रत्येक घर जागेवर बसून काढायचं होतं, कारण साहेबांना चित्र मापात हवं होतं. तो आमच्याकडेच उतरला आणि आल्या दिवसापासून स्वयंपाकघरात, माझ्याच टेबलापाशी ठाण मांडून बसला. उजेड तिथेच चांगला, म्हणाला. मी बायकोकडे पाहिलं. आता हिचा संताप होणार, अशी माझी अपेक्षा होती. "बसू दे," ती म्हणाली. "तो मुकाट्याने काम करतो. आणि वाढलेलं सगळं खातो." दिवसभर दोघांचं हळू आवाजात काहीतरी चाललेलं असायचं. मी आत डोकावलो की दोघं गप्प. मला वाटलं, पाककृती चालल्या असतील. पेन्सिलने पोट भरणाऱ्या माणसाकडून आणखी काय अपेक्षा करायची?

त्याने माझ्यापुढे एकच अट ठेवली. भिंतीवर खिडकी हवी तर मजकूर कापावा लागेल. मी वर्णन कापायला बसलो. नदीची रेघ गेली, ढगाचा तुकडा गेला, झाडांची रांग गेली. भोकातून एकदाच पाहिलेलं ते सगळं मी जीव तोडून लिहिलं होतं, आणि खिडकीपुरती जागा होईपर्यंत ते एकेक ओळीने खोडलं. शेवटी उरलं, 'खिडकीतून दरी दिसायची.' एवढंच. ते खोडताना मला खरंच वाईट वाटलं. पण मनाची समजूत घातली की वर्णन गेलं तरी दरी जाणार नाही.

पुस्तक आलं आणि धो धो खपलं. एका समीक्षकाने तर 'वाढत्या वस्तीचं इतकं भेदक चित्रण मोठ्यांच्या साहित्यातही नाही' असं लिहिलं. मेहुण्याने ते कापून मला पाठवलं आणि खाली विचारलं, 'मग मोठ्यांसाठी कधी?' प्रकाशकाने मला सपाटीवरच्या शाळाशाळांतून फिरवलं. एका शाळेत पुढच्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी उभी राहिली. "काका, जिराफाच्या मागे ज्यांचं घर आहे त्यांना काय दिसतं?" मी तिच्या गालाला हात लावून, फार हुशार प्रश्न आहे, असं म्हटलं आणि पुढच्या मुलाकडे वळलो. प्रश्न हुशार आहे म्हटलं की उत्तर द्यावं लागत नाही.

घरी फोन केला की बायको सांगायची, मंजुरी मिळाली, गवंडी आलाय, खिडकी होतेय. मागून ठोकाठोकी ऐकू यायची. एका नव्हे, दोन-दोन हातोड्यांची. मी लिहिलेलं खरं होत असल्याचा तो आवाज होता, आणि मला अगदी कृतकृत्य वाटायचं. "तू डोकावू नकोस हं," मी तिला बजावलं. "पहिल्यांदा मी बघणार. लेखकाची खिडकी आहे." ती म्हणाली, "बरं."

मी परतलो तेव्हा मागची खोली चकचकीत झाली होती. गाद्या माळ्यावर, सायकल मेहुण्याकडे परत, टेबल जागेवर. खिडकीवर चादर बांधलेली. समारंभाला साहेब होते, बाई होत्या, बेकरीवाला कमानदार पाव घेऊन आला होता. डॉक्टर मात्र नव्हते. पेशंट होता म्हणे. साहेब दोन शब्द बोलले, त्यांत गॅरेजचा ओझरता उल्लेख आला. मी चादरीची गाठ सोडली आणि झडपा उघडल्या.

समोर एक भिंत होती. ताजी, पिवळ्या रंगाची, पायवाटेपलीकडे, पण हात लांब केला तर लागेल असं वाटावं इतक्या जवळ. भिंतीला खिडकी होती, माझ्या खिडकीच्या बरोब्बर समोर. खिडकीत दातांच्या डॉक्टरांची खुर्ची होती आणि खुर्चीत मागे मान टाकून, तोंड पूर्ण उघडून एक गृहस्थ माझ्याकडे बघत होते. त्यांच्या दाढा मला मोजता आल्या असत्या.

"या, या!" जिराफकाका हातातला चिमटा हलवत तिकडून ओरडले. "किती छान झालं हो! आता खिडकीतून गप्पा मारता येतील." मग पेशंटला म्हणाले, "हे शेळीवाले." पेशंटने तोंड तसंच उघडं ठेवून मला नमस्कार केला.

मागून भूगोलाच्या बाई म्हणाल्या, "ऊन मात्र आता डोळ्यांवर येणार नाही." मजला मी काढला होता. नदी, ढग, झाडं मी खोडली होती, आणि त्यांच्या जागी जिराफ उभा केला होता, एका ओळीत. मला रडू येत होतं, पण साहेब निघेपर्यंत मी हसत उभा राहिलो. "पुस्तकाप्रमाणे अगदी हुबेहूब झालंय," असं म्हणत त्यांनी माझा हात हातात घेऊन जोरात हलवला.

नंतर मी प्रयत्न केला, नाही असं नाही. टेबलाशी बसलो, पेन्सिल घेतली. शेळीला पुलावर आणलं. पलीकडून सुईसारखा आवाज सुरू झाला आणि कुणीतरी 'आऽऽ' केलं. शेळी पुलावरून पळाली. पडदा लावला तर अंधार झाला. पडदा काढला तर नवा जबडा. शेवटी मी कागद गोळा केले आणि मुकाट्याने स्वयंपाकघराकडे निघालो. म्हटलं, बायकोला समजावू. ती समजूतदार आहे. फार तर भांडी वाजली तरी शू म्हणणार नाही, असं कबूल करू.

स्वयंपाकघराचं दार लागलेलं होतं. ते दार लागल्याचं मी आजवर कधी पाहिलं नव्हतं. मी ढकललं.

"अगं, दार अडकलंय."

"अडकलं नाही. कडी लावलीये," आतून आवाज आला.

"कडी? आपल्या दाराला आतून कडी कुठे आहे?"

"आहे. शेवटच्या पानावर बघा."

मी मागच्या खोलीतून पुस्तक आणलं. शेवटच्या पानावर चित्रकाराने आमचं घर मधोमध कापल्यासारखं काढलं होतं, सगळ्या खोल्या एकदम दिसतील असं. मागच्या खोलीत, सापडलेला मफलर गळ्यात गुंडाळून शेळी झोपली होती. हे चित्र मी शाळाशाळांतून मुलांना किती वेळा दाखवलं असेल त्याला गणती नाही. दर वेळी शेळी पाहिली होती. आता पहिल्यांदाच उजवीकडच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे स्वयंपाकघर होतं. टेबल नव्हतं, एकही कागद नव्हता. एक बाई पाठमोरी, खिडकीशी खुर्ची टाकून निवांत बसली होती. आणि दाराला आतून पिवळीधमक पितळी कडी होती, अगदी खिळ्यांसकट मापात काढलेली.

"साहेबांची मंजुरी आहे," बायको आतून म्हणाली. "शिक्का पण आहे. आता काढता येणार नाही म्हणाले, पुस्तकात आहे ना."

"आणि ताईकडे?"

"आता कशाला जाऊ ताईकडे?"

आत खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, खिडकीच्या दिशेने. मी दाराबाहेर फरशीवर बसलो, पुस्तक मांडीवर घेऊन. इतक्या वर्षांत ती त्या खिडकीशी कधी बसलेली मला आठवेना. उभी असायची, माझ्या मागे, हातात काहीतरी घेऊन.

"अहो," ती स्वतःशी बोलावं तसं म्हणाली, "दरीत ढग उतरलेत. नदी दिसतच नाहीये. पलीकडची झाडं तेवढी वर आलीयेत."

मी पटकन पेन्सिल काढली आणि दाराला कान लावला. "वर म्हणजे किती वर? शेंडेच दिसतायत की खोडंही? जरा नीट सांग ना."

"शू!" ती म्हणाली.